चुन्याच्या डबीतला खडा

मंगळवार, तीन डिसेंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अकोल्यातल्या एका भाड्याच्या खोलीत प्राजक्ता वानखडे जागी झाली, तेव्हा तिचा उजवा कान उशीच्या अभ्र्याला चिकटलेला होता.

तिने अभ्रा ओला करून हळूहळू सोडवला. अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळट हिरवा डाग होता. आरशात पाहिलं तर कानाची पाळी नेहमीसारखी होती. पण पाळीच्या वरचा, वळलेल्या कडेचा भाग लालबुंद होऊन टरारला होता. कडेवरची घडी, जिच्यात आपण अंघोळीच्या वेळी बोट फिरवतो, ती बुजून सपाट झाली होती. सोळा दिवसांपूर्वी बसवलेला चमकीचा खडा समोरून दिसत होता. मागची फिरकी मात्र सुजेत रुतून गेली होती.

प्राजक्ता चोवीस वर्षांची. मूळची अमरावतीजवळच्या वलगावची, घरची शेती. अकोल्यातल्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. सतरा नोव्हेंबरला, रविवारी, बाजारातल्या एका दागिन्यांच्या दुकानात तिने कान वरच्या बाजूला टोचून घेतला. दुकानातल्या मुलीने बंदुकीसारखं यंत्र कानाला लावलं, खट् आवाज झाला आणि काम झालं. "रोज तीनदा फिरवत राहा," एवढीच सूचना मिळाली. घरी तिने सांगितलं नव्हतं. आई लगेच म्हणाली असती, खालची दोन भोकं कमी पडली का?

तिच्या बरोबर राहणारी स्वराली अमरावतीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, इथे एका बालवाडीत शिकवायची. ती दात घासता घासता आली आणि कान पाहून ब्रश तोंडातच राहिला.

"अगं, हे काय झालंय! आधी काढ तो खडा. बाहेरची वस्तू आत राहिली तर कसं बरं होईल?"

"फिरकी आत गेलीये."

"मी काढते. चिमटा आहे माझ्याकडे. गरम पाण्यात टाकते थांब."

म्हणणं पटण्यासारखं होतं. काटा रुतला की काढायचा, हे कोणाला शिकवावं लागत नाही. स्वरालीने पाणी गॅसवर ठेवलं. प्राजक्ता खुर्चीत बसली, केस वर बांधले. पाण्याला बुडबुडे येऊ लागले तेव्हा सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती आणि तिचा फोन वाजला.

हा फोन रोज याच सुमारास येत असे. वलगावला पहिला चहा झाला की तिचे आजोबा नत्थुजी मुलाच्या, म्हणजे तिचे वडील किशोर यांच्या, फोनवरून नातीला फोन लावत. बोलायचं काही नसे. जेवली का, झोपली का, तिकडे थंडी हाय का. प्राजक्ता पुष्कळदा उचलत नसे. नंतर तिने फोनमध्ये मोजून पाहिलं, नोव्हेंबरात आबाजींचे तीस फोन आले होते आणि तिने अकरा उचलले होते. त्या दिवशी तिने उचलला तो चिमट्यापासून दोन मिनिटं लांब राहता येईल म्हणून. सवयीने उजव्या कानाला लावला.

"आई गं!"

"काय झालं व?"

"काही नाई, आबाजी."

"काही नाई तं सकाळी सकाळी आई काहून आठवली?"

प्राजक्ताने फोन डाव्या कानाला घेतला आणि सांगून टाकलं. दुकान, यंत्र, सूज, अभ्रा. पलीकडून रागवायचा आवाज येईल म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. आला तो प्रश्न.

"पाळीले हाय का वरच्या हाडाले?"

"वर. हाड नसते ते आबाजी, कूर्चा असते."

"कूर्चा का फूर्चा. गरम लागते?"

"हाव. भल्लं गरम."

"पू कुठून येऊन राह्यला?"

"भोकातूनच. खड्याच्या बाजूनं."

"मंग तो खडा काढू नको."

"पण आबाजी, स्वराली म्हणते काढ. चिमटा गरम करून राह्यली ते."

"तिच्या नाकाले काही झालं होतं काय?"

"नाई."

"मंग तिले काय मालूम? माह्या नाकाले झालं होतं. ऐक."

नत्थुजींच्या डाव्या नाकपुडीला एक खाच होती. हरभऱ्याचा दाणा बसेल एवढी. लहानपणापासून प्राजक्ता ती पाहत आली होती आणि देवीच्या व्रणांपैकी एक असेल असं धरून चालली होती. कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

वऱ्हाडात ज्या घरी मुलगे जगत नसत तिथे नवीन मुलाचं नाक टोचून त्यात तार घालत. पोरगी समजून काळाने ओलांडून पुढे जावं, एवढाच त्यातला हेतू. अशा मुलाचं नाव बहुतेक नत्थू ठेवत. आबाजींच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. म्हणून बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून यांचं नाक टोचलं. तिसऱ्या महिन्यात ते पिकलं. आत्या आली होती, तिला दया आली. तिने तार काढून टाकली.

"दोन दिवसात वरून बुजलं, पोरी. सगळे म्हणले, बरं झालं. अन् आतल्या आत फुगत गेलं. पू जायले वाटच नाई राह्यली ना. बैलगाडीनं अमरावतीले नेलं, तिथं एका बाईनं कापलं. नर्स होती का डॉक्टरीण, तेई कोणाले मालूम नाई. जेवढं सडलं तेवढं काढलं, बाकीचं नाक ठेवलं. माही माय मरेपर्यंत म्हणे, ते तार राहू द्याले पायजे होती, पू तिच्या बाजूनं गेला असता."

गॅसवरचं पाणी उकळून भांड्याबाहेर येत होतं.

"आता सांगतो तसं कर. हात नको लावू. कानाच्या डॉक्टरकडे जाय, साध्या नाई, कानाच्या. मी येतो."

"तुमी कायले येता? इतक्या दूर—"

फोन बंद झाला होता. स्वराली चिमटा हातात घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. चिमटा भांड्यात ठेवून तिने गॅस बंद केला, बालवाडीत फोन करून सुट्टी टाकली आणि मोबाइलवर कान-नाक-घसा तज्ज्ञ शोधायला बसली. आपली चूक झाली असती हे कबूल करण्यात तिने एक शब्दही घालवला नाही. प्राजक्ताला तिचं हे फार आवडलं, पण त्या घाईत सांगायचं राहून गेलं.

सव्वाअकरा वाजता दोघी डॉ. अनुपमा यांच्या छोट्या रुग्णालयाच्या बाकावर होत्या. वीस मिनिटांनी नत्थुजी आले; वाटेतून किशोरच्या फोनवरून त्यांनी पत्ता विचारून घेतला होता. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. वलगावहून अमरावती आणि तिथून मूर्तिजापूरमार्गे अकोला, दोन एसट्या बदलून. पिशवीत सुनेने, म्हणजे प्राजक्ताच्या आईने, आशाबाईने, घाईत बांधून दिलेल्या भाकरी होत्या. त्यांनी नातीचा कान पाहिला. मान तिरकी करून मागून पाहिला, पुढून पाहिला.

"खडा हाय ना जागेवर?"

"हाय."

"शाबास." मग स्वरालीकडे वळून म्हणाले, "चिमटेवाली तूच का?"

"हो, आजोबा," स्वराली ओशाळून म्हणाली.

"घे, भाकर खा. भूक लागली असन. फौजेची तयारी केली होती तूनं सकाळी."

स्वराली हसली. प्राजक्तालाही हसू आलं आणि कानातून कळ गेल्यामुळे ते अर्ध्यावर थांबलं.

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, आवाज बारीक, हात भराभर चालणारे. त्यांनी दोन बोटांनी सुजेवर हलकेच दाबलं. खड्याच्या कडेने पिवळा थेंब बाहेर आला.

"काढायचा प्रयत्न केला होता का कोणी?"

"करणार होतो," प्राजक्ता म्हणाली. "आबाजींनी नको म्हटलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून नत्थुजींकडे पाहिलं. त्यांची नजर नाकपुडीवर क्षणभर थांबली. मग त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या वरच्या भागातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून तिला जे मिळेल त्यावर ती जगते. पू साचला की आवरण उचललं जातं आणि कूर्चा उपाशी मरते. ती मेली की कान आत बसतो, वाळलेल्या पानासारखा चुरगळतो. मग तो पूर्वीसारखा होत नाही.

"खडा निघाला असता तर भोक वरून मिटलं असतं आणि दोन दिवस सगळ्यांना वाटलं असतं, बरं झालं. तोपर्यंत इथे काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या. "आता मी कडेने चीर देऊन दुसरी वाट करते, मगच हा काढू. किती वाचेल ते उघडल्यावर कळेल. लावत काय होतात त्याला?"

हा प्रश्न प्राजक्ताला सकाळपासून नको होता. आता तिने सगळं सांगितलं.

दिवाळीत तिच्या बहिणीच्या, आरतीच्या, मुलीचे कान वलगावच्या घरी टोचले होते. सोनार आला, सोन्याची तार पाळीतून गेली आणि आशाबाईने तिळाच्या कोमट तेलात हळद कालवून ठेवली. रोज सकाळी तार फिरवायची, तेल-हळद सोडायची. वलगावातला प्रत्येक कान असाच सुकला होता, प्राजक्ताचाही. म्हणून तिने त्यातलं थोडं तेल गुपचूप एका छोट्या बाटलीत भरून अकोल्याला आणलं. दुकानाने सांगितलं फिरव, घरच्या रिवाजाने सांगितलं तेल-हळद लाव. तिने दोन्ही केलं. तेही कामावरून आल्या आल्या, मातीचे नमुने चाळून झालेल्या हातांनी.

"पाळीला मांस असतं, ती असलं पुष्कळ सोसून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "वरचा भाग नाही सोसत. तेलाची खपली धरली आणि तुम्ही ती रोज फिरवून आत ढकलली. मिठाचं निर्जंतुक पाणी आणि स्वस्थ सोडणं, एवढंच हवं होतं. आणि ते यंत्र पाळीसाठी असतं. इथे पोकळ सुई लागते."

"मी रोज मातीचे जिवाणू मोजते, मॅडम," प्राजक्ता म्हणाली. "मला कळायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या.

दुपारी एक ते पावणेदोन. कान सुन्न करून कडेच्या घडीत चीर दिली, पू काढला, धुतला. खडा काढला. हरभऱ्याच्या डाळीच्या निम्म्याएवढा कूर्चेचा तुकडा मेला होता, तो काढावा लागला. मग कानाच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवून त्या आरपार टाक्यांनी शिवल्या, आवरण पुन्हा चिकटावं म्हणून. पू तपासणीला गेला. अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी अंदाजाने दोन औषधं सुरू केली.

परिचारिकेने खडा गॉजच्या तुकड्यात गुंडाळून दिला. प्राजक्ताने तो कचऱ्यात टाकायला हात पुढे केला, पण नत्थुजींनी मध्येच घेतला. खिशातून चुन्याची डबी काढली, उरलासुरला चुना बोटाने निपटून रुमालाला पुसला आणि खडा डबीत टाकला.

"हे माह्याजवळ राहू दे. कान बरा झाला की मांग. टोचशीन तं सुईनं टोच, अन् फोन करून टोच."

"तुमी रागवले नाई, आबाजी?"

"कायले रागवू? माहं टोचलं तवा मले कोणं विचारलं नव्हतं. तुले वाटलं, तूनं टोचलं. तेल मात्र चोरून आणाले नको होतं."

निघताना डॉक्टरांनी आणखी एक अट घातली. चष्म्याची काडी उजव्या कानावर सहा आठवडे टेकता कामा नये. हेल्मेट नको, त्या कुशीवर झोप नको. प्राजक्ताला चष्म्याशिवाय हाताची बोटं सुद्धा धूसर दिसत. प्रयोगशाळेत तिचं बहुतेक काम काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा वाचण्याचं.

"मॅडम, कान बसलाच तर चष्मा कशावर ठेवायचा?" तिने विचारलं. तिला भीती होती ती हीच. कान कसा दिसेल ही धाकधूक नंतर येणार होती.

डॉक्टरांनी "बघू" म्हटलं. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही.

नत्थुजींनी बाकावर बसून चष्मा मागून घेतला. सुरीच्या टोकाने उजव्या काडीचा स्क्रू काढला, काडी वेगळी केली, पिशवीच्या तोंडाची सुती दोरी उसवली आणि तिचं एक टोक बिजागरीच्या भोकातून ओवून, डोक्यामागून घेऊन डाव्या काडीला बांधलं. दोरी उजव्या कानाच्या बरीच वरून गेली. चष्मा नाकावर नीट बसला.

"दिसते का?"

"दिसते."

"मंग झालं."

मग ते उठले आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. पुढचा पेशंट आत होता. तो बाहेर येईपर्यंत थांबले.

"बाई, तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

"काही तक्रार आहे का, आजोबा?"

"तक्रार नाई. माहं नाक ज्या बाईनं वाचवलं तिचं नाव मले कोणीच सांगतलं नाई. मायेले मालूम नव्हतं, बापाले नव्हतं. जिंदगीभर नुसतं 'ते बाई' म्हणत आलो. एकीचं राह्यलं. तुमचं तरी राहू नये."

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहून दिलं. नत्थुजींना वाचता येत होतं, तरी त्यांनी स्वरालीकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि कागद टोपीच्या घडीत ठेवला.

शुक्रवारी, सहा तारखेला, अहवाल आला. जिवाणूचं नाव स्यूडोमोनास. प्राजक्ताने ते वाचलं आणि चकित झाली. याच्याच भावकीतला एक जिवाणू त्यांची प्रयोगशाळा तुरीच्या मर रोगावर मातीत सोडायला शेतकऱ्यांना देत असे. ती स्वतः त्याची पाकिटं भरायची. हा मात्र त्या घराण्यातला वांड. अंदाजाने दिलेल्या दोन औषधांपैकी एक त्याला बरोबर लागू पडत होतं. डॉक्टरांनी ते चालू ठेवलं, दुसरं थांबवलं. सूज शनिवारपासून उतरू लागली.

दोरीचा चष्मा लावून ती नऊ डिसेंबरला कामावर गेली. सहकारी जीवनने तिला दारातच अडवलं. "काय प्राजक्ता मॅडम, बैलाची वेसण चष्म्याले लावली काय?"

"आबाजींनी बांधली. तुमच्या तोंडालाही बांधून देतील, विचारू का?"

त्या दिवशी तिने माती तपासणीचे चौतीस नमुने वाचले. एकही आकडा चुकला नाही. संध्याकाळी हे आबाजींना सांगायला तिने आपणहून फोन लावला, तेव्हा आशाबाईने उचलला.

"आई, ते तेल—"

"मालूम हाय. आबाजींनी आल्या आल्या सांगतलं. फेकू नको म्हणले, पन वरच्या कानाले कोणाच्याच लावू नको." "माह्याच हातचं तेल होतं ना ते, प्राजू. तीन दिवस माह्या घशाखाली घास नाई उतरला."

"तू पाळीसाठी केलं होतं, आई. वर मी लावलं."

"तरी बी."

"तरी बी काही नाई. त्याच तेलानं आरतीच्या पोरीचे कान सुकले की नाई? जेव आता. अन् आबाजीले दे फोन."

दहा डिसेंबरला टाके आणि गुंडाळ्या निघाल्या. आरशात कान दिसला तेव्हा प्राजक्ता बराच वेळ पाहत राहिली. कड होती. घडी होती, पूर्वीपेक्षा उथळ, पण होती. खड्याच्या जागी, जिथून तुकडा काढला होता, तिथे एक मऊ खळगा होता. डॉक्टर म्हणाल्या की तिथे आता व्रण भरेल. भरताना तो आकसतो. कितपत आकसेल, कड किती खाली ओढेल, हे शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांनी बरंचसं कळेल. त्यांनी पारदर्शक पट्टीने दोन्ही कानांची उंची मोजून नोंदवली. उजवा डाव्यापेक्षा एक मिलिमीटर खाली होता.

तेव्हापासून सकाळी सहा अठ्ठावीसला वाजणारा फोन प्राजक्ताने एकदाही सोडलेला नाही. डाव्या कानाला लावते. आबाजी विचारतात, जेवली का, झोपली का, तिकडे थंडी हाय का. शेवटी विचारतात, कान कसा हाय. ती आरशात पाहून खरं तेच सांगते. त्यांनाही तेच हवं असतं. डबी त्यांच्या खिशात असते. चुन्यासाठी त्यांनी दुसरी घेतली आहे.

चोवीस डिसेंबरच्या मोजणीत फरक दोन मिलिमीटर होता. सात जानेवारीला, मंगळवारी, पुन्हा मोजलं. पट्टी कानाला लावून डॉक्टरांनी दोनदा वाचली. दोन मिलिमीटर. वाढलेला नव्हता, कमीही झालेला नव्हता. त्यांनी कडेवर बोट ठेवून पाहिलं, खळगा अजून मऊ होता. चष्म्याची दोरी राहू द्या, म्हणाल्या. सहा आठवडे चौदा तारखेला पुरे होतात, तेव्हा पुन्हा मोजायचं; त्या दिवशी संक्रांत आहे, पण रुग्णालय सकाळी उघडं असणार आहे. नत्थुजींनी वलगावहून सकाळी साडेसातच्या गाडीने येणार असल्याचं कळवलं आहे.